भुई ते फरशी : परभणी जिल्ह्यातील घराच्या जमिनीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

घराच्या इतिहासात भिंतींना आणि छताला जेवढे स्थान मिळाले, तेवढे पायाखालच्या जमिनीला मिळालेले नाही. वाड्यांचे कोरीव दरवाजे, चौकांची रचना, माळवदाचे खण यांची नोंद अभ्यासकांनी घेतली. परंतु माणूस जिच्यावर जन्मला, जेवला, निजला आणि अखेरच्या घटकेला जिच्यावर उतरवून ठेवला गेला, ती भुई बहुधा अनुल्लेखित राहिली. तिची झीज रोज होते आणि तिची दुरुस्तीही रोज होते. म्हणूनच कदाचित ती इतिहासाचा विषय वाटली नसावी.

आज जुन्या घराचे नूतनीकरण काढले की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘फरशी कोणती बसवायची’ हा. त्याचे उत्तर सामान्यतः दुकानात, रंग, आकार आणि चौरस फुटाचा भाव या तीन गोष्टींवर ठरते. परभणी जिल्ह्यातील घरांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच तीन प्रश्न पुढे ठेवतो. फरशीखाली कोणती माती आहे? फरशीची निगा कोणाच्या हातून होणार आहे? आणि ती बिघडली तर दुरुस्त करता येणार आहे काय? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे भुईपासून फरशीपर्यंतच्या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

काळी आणि पांढरी

परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात, दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पठारावर वसलेला आहे. या काळ्या खडकाच्या विघटनातून तयार झालेली खोल काळी माती ही जिल्ह्याची संपत्ती होय. कापूस आणि ज्वारी या पिकांनी सेलू, मानवत, परभणी येथील बाजारपेठा उभ्या केल्या, त्या याच मातीच्या बळावर. तथापि जी माती पिकाला तारते, तीच घराला छळते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या खोल भेगा हे त्याचेच दृश्य रूप आहे. अशा जमिनीवर उभे केलेले हलके बांधकाम दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते.

जुन्या ग्रामव्यवस्थेला हे चांगले ठाऊक होते. मराठी मुलखात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात गावाची ही विभागणी आलेली आहे. पांढरी म्हणजे केवळ गावठाण नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतून राख, चुना, पडक्या भिंतींची माती यांच्या थरांनी तयार झालेली ती भुरकट जमीन असे. काळ्या मातीच्या मानाने ती कमी फुगते. मराठवाड्यातील माळवदावर पसरण्यासाठीही हीच पांढरी माती वापरली जाई, कारण पाऊस पडला तरी ती सहसा फाटत नसे. म्हणजे घर पांढरीवर उभे, घराच्या डोक्यावर पांढरी आणि पिकासाठी काळी राखलेली, अशी ही व्यवस्था होती. तिच्यामागे सुपीक जमीन वाचविण्याचा हेतू जसा होता, तसा बांधकामाचा अनुभवही होता, असे म्हणता येईल.

सारवलेली भुई : श्रम आणि शुचिता

या घरांतील जमीन मातीची असे. जोत्यात मुरूम आणि माती भरून, पाणी शिंपून, धुमसाने ती ठोकून घट्ट केली जाई. वरचा थर चोपून एकसारखा केला की शेण आणि माती कालवून ती सारवली जाई. मराठीत या कामाला ‘जमीन करणे’ असा अत्यंत अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. जमीन ही निसर्गाने दिलेली नसून बाईने केलेली वस्तू आहे, हे त्यातून सूचित होते.

या भुईचा मोठा गुण तिच्या लवचीकपणात होता. खालची माती हलली, तर भुईला भेग पडे. परंतु ती पुढच्या सारवणात बुजून जाई. दुरुस्तीसाठी कारागीर लागत नसे आणि पैसाही लागत नसे. गोठ्यात जनावरे असेपर्यंत सामग्री घरचीच असे. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या प्रदेशात ही जमीन अंगाला सुखकर वाटे.

पैसा लागत नसला तरी किंमत मोजावी लागतच होती, आणि ती स्त्रीच्या श्रमाने मोजली जात होती. दर आठवड्याला किंवा सणावाराला सारवण, रोजचा अंगणातील सडा, जेवणानंतर उष्टे काढून जागेवर फिरवायचा शेणगोळा आणि पावसाळा संपला की दिवाळीपूर्वी पुन्हा जमीन करणे, हे चक्र कधीच थांबत नसे. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या नावावर असलेल्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे ही कामे वारंवार येतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे. देव या कामांत मदतीला येतो, ही कल्पनाच त्या कामांच्या ओझ्याची साक्ष देते.

सारवणाला शुचितेचा अर्थही चिकटलेला होता. सारवलेली जागा ती पवित्र, असा संकेत असल्यामुळे भुई हे सोवळ्या-ओवळ्याचे आणि त्या ओघाने जातिभेदाचेही एक साधन बनले होते. कोणी ओसरीपर्यंत यावे आणि कोणी अंगणातच थांबावे, हे भुईच्या पातळ्यांनी ठरत असे. म्हणून मातीच्या भुईचे स्मरण करताना केवळ तिच्या गारव्याचे गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही.

रुळांवरून आलेला दगड

दगडाची जमीन जिल्ह्याला अपरिचित नव्हती. जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील मध्ययुगीन मंदिरे स्थानिक काळ्या पाषाणात उभी आहेत. परंतु बेसाल्ट हा अतिशय कठीण खडक आहे. त्याचे पातळ, सपाट तुकडे सहज निघत नाहीत. प्रत्येक चिरा घडवावा लागतो. वडार समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. तरीही घडीव दगडाची जमीन मंदिर, घाट, बारव आणि मोजके वाडे यांच्यापलीकडे गेली नाही. सामान्य घरात दगड असे तो न्हाणीतील शिळेपुरता.

हे चित्र बदलण्यास शहाबादचा दगड कारणीभूत झाला. आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादच्या परिसरात भीमा खोऱ्यातील प्राचीन चुनखडकाचे आडवे थर आहेत. हा खडक थराथरांनी सुटतो. पहारीने उचलला तरी सपाट तुकडा हाती येतो आणि कडा छाटल्या की फरशी तयार होते. बेसाल्टमध्ये जे काम घडवण्याचे होते, ते येथे निसर्गानेच अर्धे करून ठेवले होते.

शहाबाद हे मुंबईहून रायचूरकडे जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर होते आणि हा मार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातील रेल्वेमार्ग सुरू झाला. पुढे १९०० च्या सुमारास सिकंदराबाद ते मनमाड हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेमार्ग परभणी, मानवत रोड आणि सेलूवरून धावू लागला. कापूस बाहेर नेणाऱ्या या मार्गाने बाहेरचा माल आत येण्याचीही सोय झाली. मात्र या दोन मार्गांच्या रुळांची रुंदी वेगवेगळी होती. वाडीकडचा मार्ग ब्रॉडगेजचा आणि परभणीचा मीटरगेजचा असल्यामुळे रेल्वेने येणारा जड माल वाटेत उतरवून पुन्हा चढवावा लागे. दगडासारख्या वस्तूच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे आरंभी ही फरशी व्यापारी, देशमुख, वकील यांची घरे आणि सरकारी इमारती अशा सधन ठिकाणी बसली आणि पुढे मालमोटारींची वाहतूक वाढल्यावर ती मध्यमवर्गीय घरांत पोचली, हे समजण्यासारखे आहे.

शहाबाद आणि परभणी ही दोन्ही ठिकाणे तेव्हा हैदराबाद संस्थानातच होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची स्वतंत्र सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. प्रशासनाचे धागे तुटले, पण दगडाचा व्यापार तुटला नाही. ‘शहाबादी’ हे नाव मराठवाड्यात इतके रुळले की ते गावाचे नाव आहे याचा विसर पडून ते फरशीच्या जातीचे नाव झाले.

‘फरशी’ हा शब्दही येथे विचारात घेण्याजोगा आहे. त्याच्या मुळाशी अरबी ‘फर्श’ आहे. त्याचा अर्थ पसरलेली, अंथरलेली वस्तू. बिछायतीची व्यवस्था पाहणारा ‘फरास’ आणि पुण्यातील ‘फरासखाना’ हे शब्द त्याच कुळातील होत. भुई ही पृथ्वीचाच भाग असते. फरशी ही तिच्यावर अंथरलेली असते. अंथरलेल्या वस्तूखाली काय आहे, हे दिसत नाही. पुढील काळातील अनेक अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

कोबा, सिमेंट आणि मोझॅक

शहाबादी फरशी चुन्यात बसवली जाई. काळ्या मातीत सापडणारी चुनखडी भाजून, बैलाच्या घाणीत रेतीबरोबर मळून हा चुना तयार होई आणि त्यात लोणारी समाजाचे कसब होते. चुन्याचा सांधा काहीसा मऊ राहतो. खालची जमीन हलली तर आधी सांधा सुटतो आणि दगड शाबूत राहतो. सुटलेली फरशी उचलून, खालची भरणी नीट करून तीच पुन्हा बसवता येते. म्हणजे भुईची लवचीकता सांध्यांच्या रूपाने काही अंशी टिकून होती.

त्यानंतर सिमेंट आले. विशेष म्हणजे तेही शहाबादहूनच आले. ज्या चुनखडकाची फरशी होत होती, त्याच्याच आधारे १९२० च्या दशकात तेथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला आणि १९३६ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएटेड सिमेंट कंपनीत तो समाविष्ट झाला. मुंबईत १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही संस्था सुरू झाली आणि भट्टीत न भाजता दाबयंत्राने घडविलेल्या, पाण्यात मुरविलेल्या रंगीत सिमेंटच्या फरश्या देशात बनू लागल्या. संगमरवराचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये घालून केलेली आणि बसविल्यानंतर यंत्राने घासून गुळगुळीत केलेली मोझॅक फरशी पुढे शहरी सदनिकांचे, बँकांचे आणि महाविद्यालयांचे ओळखचिन्ह बनली. ज्यांना हे परवडत नव्हते त्यांनी सिमेंटचा कोबा केला. सारवणापासून सुटका करणारी सर्वांत स्वस्त जमीन हीच होती.

या सुटकेचे मोल कमी लेखता येणार नाही. मेक्सिकोत मातीची जमीन असलेल्या गरीब घरांना सिमेंटची जमीन करून देण्याचा सरकारी कार्यक्रम राबविला गेला. त्याच्या परिणामांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बहुचर्चित आहे. लहान मुलांमधील जंतांचा प्रादुर्भाव, अतिसार आणि रक्तक्षय कमी झाल्याचे आणि मातांचे समाधान वाढल्याचे त्यात आढळले. भारताच्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५७ टक्के कुटुंबांच्या घराची जमीन मातीची होती; २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवर आले. म्हणजे एकविसाव्या शतकाचे पहिले दशक संपतानाही देशातील जवळजवळ निम्मी कुटुंबे मातीच्या जमिनीवर राहत होती. फरशीची निवड हा जसा आवडीचा प्रश्न आहे, तसा अनेकांच्या बाबतीत तो आजही आरोग्याचा प्रश्न आहे.

काळीवर गेलेले घर

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसांचा बळी घेतला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली माणसे गाडली गेली. जुन्या घराविषयीचा विश्वास त्यानंतर सबंध मराठवाड्यात डळमळला आणि सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबकडे ओढा वाढला. माळवदाखाली सारवलेली भुई शोभत होती. स्लॅबखाली फरशी हवीच, असे गृहीत धरले जाऊ लागले. १९९० च्या दशकातच परभणीवरून जाणारा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज झाला. त्याच सुमारास भारतात व्हिट्रिफाइड टाइल्सचे उत्पादन सुरू झाले आणि नंतरच्या काळात गुजरातमधील मोरबी हे त्याचे सर्वांत मोठे केंद्र बनले. उच्च तापमानात भाजलेली ही फरशी पाणी जवळजवळ शोषत नाही.  ती एकसारखी, चकचकीत आणि पुसायला सोपी आहे. सारवणाच्या इतिहासाकडे पाहता या ‘पुसायला सोपी’ गुणाचे आकर्षण केवळ हौसेचे मानता येत नाही.

परंतु याच काळात एक दुसरे स्थित्यंतर घडले. शहरे आणि तालुक्याची गावे जुन्या गावठाणाबाहेर पसरली. शेतजमिनी अकृषिक झाल्या, भूखंड पडले आणि घरे पांढरीवरून काळीवर गेली. ज्या जमिनीवर घर बांधायचे पूर्वजांनी टाळले होते, तिच्यावर आता सर्वांत कडक, सर्वांत कमी लवचीक आणि सिमेंटने घट्ट चिकटविलेली फरशी बसू लागली. माती फुगली की फरशी मध्यभागी उचलते. आकसली की खाली पोकळी राहते आणि पायाखाली फरशी पोकळ वाजते. मग एखाद्या दिवशी तडा जातो. ही फरशी सुटी करून पुन्हा बसवता येत नाही. ती फोडावीच लागते. चार-पाच वर्षांनी त्याच रंगाची, त्याच आकाराची फरशी बाजारात मिळेलच याची शाश्वती नसते.

या प्रश्नावर शास्त्रीय उत्तरे उपलब्ध आहेत. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात वेगळा मार्ग दाखविला. काळ्या मातीवर योग्य गुणधर्मांच्या, चिकटून राहणाऱ्या पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून घातल्यास खालचा फुगवटा आटोक्यात राहतो, असे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. कालव्यांच्या अस्तरीकरणात या तत्त्वाचा उपयोग झाला. जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरावा, हा जुन्या गवंड्यांचा आग्रह याच दिशेचा होता. प्रत्यक्षात मात्र पाया खणताना निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात लोटण्याचा मोह अनेकदा आवरत नाही. कारण मुरूम विकत आणावा लागतो आणि फरशीखाली काय घातले, हे वास्तुशांतीच्या दिवशी कोणालाच दिसत नाही.

नूतनीकरणातील निवड : इतिहासाच्या आधारे काही निकष

वरील विवेचनावरून नूतनीकरणाच्या वेळी विचारात घ्यावयाचे काही निकष मांडता येतात.

पहिला निकष मातीचा. फरशीतील भेगा उन्हाळ्यात रुंदावत आणि पावसाळ्यात मिटत असतील, तर दोष फरशीचा नसून खालच्या काळ्या मातीचा असण्याची शक्यता अधिक आहे. अशा घरात महाग फरशीवर खर्च करण्यापूर्वी जोत्यातील भरणी काढून चांगला मुरूम थराथराने दाबून घालणे, छताचे व न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर नेणे आणि गळके नळ दुरुस्त करणे अधिक फलदायी ठरते.

दुसरा निकष दुरुस्तीचा. जुनी शहाबादी फरशी पक्की असेल, तर ती काढून टाकण्याऐवजी सांधे भरून आणि घासून घेतल्यास तिचे आयुष्य वाढते. काढावीच लागली तर ती अंगणात, गोठ्यात, गच्चीवर पुन्हा उपयोगी पडते. तिच्या मर्यादाही आहेत. ती चुनखडकाची असल्यामुळे लिंबू, चिंच आणि न्हाणी धुण्याचे आम्ल तिला खाते. तेलाचे डाग तिच्यात मुरतात. म्हणून स्वयंपाकघरात कमी शोषणारी आणि इतरत्र दगडी फरशी, अशी विभागणी गैर नाही.

तिसरा निकष पातळीचा. खर्च वाचविण्यासाठी जुन्या फरशीवरच नवी चिकटविण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यामुळे जमीन उंच होते, दारे खालून तासावी लागतात, उंबरठा बुडतो आणि न्हाणीचे पाणी खोलीकडे येऊ शकते. शिवाय खालची फरशी हलत असेल, तर वरचीही हलणारच.

चौथा निकष वापरणाऱ्याचा. चकचकीत फरशी ओली झाली की घसरते. वृद्धांसाठी आणि न्हाणीसाठी खरबरीत पृष्ठभागच योग्य होय. भुई सारवणारी बाई ती कशी करावी हे स्वतः जाणत होती. फरशी पुसणाऱ्या बाईचे मत मात्र फरशी निवडताना क्वचितच विचारले जाते. ज्या कामाचे ओझे कमी करण्यासाठी एवढा बदल घडला, त्याच्या जाणकाराला निर्णयातून वगळणे विसंगत आहे.

समारोप

परभणी जिल्ह्यातील घराच्या जमिनीचा इतिहास म्हणजे केवळ कच्च्याकडून पक्क्याकडे झालेली प्रगती नव्हे. सारवलेली भुई लवचीक होती, पण तिने स्त्रियांचे आयुष्य खर्ची घातले आणि भेदाच्या रेषा जपल्या. शहाबादी फरशीने ते ओझे हलके केले आणि दुरुस्तीची वाटही मोकळी ठेवली. आधुनिक फरशीने निगा सोपी केली, परंतु मातीशी असलेले नाते तोडले आणि दुरुस्ती जवळजवळ अशक्य केली. पांढरी सोडून काळीवर गेलेल्या घरांना हा तुटलेपणा महागात पडतो, आणि आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या सामान्य कुटुंबाला तो सर्वाधिक महागात पडतो. काळी आणि पांढरी यांतील भेद ओळखण्याचे शहाणपण जुन्या ग्रामव्यवस्थेजवळ होते. तिच्यातील विषमता नाकारूनही हे शहाणपण स्वीकारता येते. फरशीची निवड दुकानात नव्हे, तर जोत्यापासून सुरू व्हावी, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.